श्वास धरा

अण्णांच्या उजव्या हाताच्या बोटांची नखं कायम तपकिरी असायची. पाहणाऱ्याला तंबाखू वाटायची. तो डाग डेव्हलपरचा, फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, होता. जुन्या नाशकातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एक्स-रे काढले आणि त्यातली बहुतेक वर्षं फिल्म हाताने धुतली. आई दुपारभर डबे करण्यात गुंतलेली असे, म्हणून शाळा सुटली की मी थेट दवाखान्यात जायची. मागच्या जिन्याखाली डार्करूम होती. आत तांबडा दिवा आणि तीन टाक्या: डेव्हलपर, पाणी आणि उमटलेलं चित्र पक्कं करणारा हायपो. फिल्म स्टीलच्या हँगरला चारी कोपऱ्यांत चिमटे लावून ताणायची, डेव्हलपरमध्ये सोडायची आणि पाच मिनिटं मोजायची. एप्रिल-मे महिन्यात डेव्हलपर तापला की वेळ कमी करायची. किती कमी, ते अण्णा टाकीत बोट बुडवून ठरवायचे. वापरून झालेला हायपो कधी फेकला जात नसे. त्यातली चांदी काढणारा एक माणूस महिन्याकाठी कॅन घेऊन यायचा.

भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज यायचा. "श्वास घ्या. धरा. हलू नका." आधी एक्स-रेच्या ट्यूबमधली ॲनोडची चकती फिरू लागल्याची घरघर, मग खट् असा आवाज. "सोडा." भिंतीच्या या बाजूला मीही श्वास धरायची आणि त्यांनी सांगितल्यावरच सोडायची.

नऊ वर्षांची असताना मी एकदा डार्करूमचं दार उघडलं. दारावरचा लाल दिवा लागलेला होता, तो मला दिसलाही होता. तरी उघडलं, कारण गणिताच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले होते आणि ते त्याच क्षणी सांगायचं होतं. अण्णांच्या हातातली फिल्म पूर्ण काळी झाली. ती सुरगाण्याच्या बाजूने पहाटेच्या एसटीने आलेल्या एका आजींच्या छातीची होती. अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन म्हणाले, "आजी, अजून एकदा उभं राहावं लागेल." रात्री जेवताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "आज त्या बाईच्या अंगावरून आपण दुसऱ्यांदा किरण नेले. तिला त्याची गरज नव्हती."

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता अकरावी-बारावीला तेच शिकवते. क्ष-किरणांचा धडा आला की ते वाक्य आठवतं.

हे सगळं आज लिहायचं कारण एक तारा आहे. तो दक्षिणेच्या आकाशात, अगस्त्याच्या डावीकडे आणि थोडा वर, असतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण दुर्बिणीतून एक साधा पांढरा ठिपका दिसतो. यादीतला त्याचा क्रमांक एचडी ७७५८१. सूर्याच्या वीसपट-पंचवीसपट वस्तुमानाचा, सुमारे तीसपट रुंद, प्रचंड तापलेला महातारा. त्याच्याभोवती नऊ दिवसांत एक चक्कर मारणारा एक न्यूट्रॉन तारा आहे. एखादा मोठा तारा स्फोट होऊन संपल्यावर मागे उरलेला त्याचा हा गाभा. सूर्याच्या दुपटीजवळ जाणारं वस्तुमान, आणि व्यास इतका लहान की नाशिकहून निघालं तर त्र्यंबकला पोचायच्या आत तो संपेल. ही जोडी वेला नावाच्या तारकासमूहात आहे आणि क्ष-किरणांत लखलखते, म्हणून तिला वेला एक्स-१ म्हणतात. ती आपल्यापासून साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर आहे.

'निकटचे जुळे तारे' हा शब्दप्रयोग मी वर्गात वापरते, पण त्यातलं 'निकट' किती, हे वेला एक्स-१ बघेपर्यंत मला नीट उमगलं नव्हतं. महाताऱ्याच्या पृष्ठभागापासून तो न्यूट्रॉन तारा महाताऱ्याच्या त्रिज्येहूनही कमी अंतरावरून फिरतो. महाताऱ्यातून सतत वारा सुटतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाचा, आणि हा त्या वाऱ्यातूनच वाट काढतो. वाटेत जेवढा वारा त्याच्या ओढीत सापडेल तेवढा त्याच्यावर कोसळतो. कोसळताना प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याजवळ जाणारा वेग येतो आणि पृष्ठभागावर तो एकदम अडतो. त्या अडण्यातून क्ष-किरण निघतात.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते भाजी निवडत होते. हातातली मेथीची काडी तशीच ठेवून म्हणाले, "म्हणजे ट्यूबच की." दवाखान्यातल्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन वेगाने येऊन टंगस्टनवर आदळतात आणि अडतात. तिथल्या किरणांची घडण वेगळी आहे, पण मूळ गोष्ट तीच: वेगाने आलेलं काहीतरी एकदम थांबवलं जातं. मी म्हटलं, "आणि अण्णा, ही ट्यूब स्वतःभोवती फिरते. एका फेरीला २८३ सेकंद." त्यांनी मनात हिशेब केला. "पावणेपाच मिनिटं. एक फिल्म धुऊन होईपर्यंत एक फेरी."

मग त्यांनी विचारलं, "आणि पेशंट?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. पेशंट म्हणजे तो महातारा. आपण या जोडीच्या कक्षेकडे जवळजवळ कडेने बघतो, त्यामुळे दर नऊ दिवसांत एकदा न्यूट्रॉन तारा महाताऱ्यामागे जातो आणि दोनेक दिवस झाकलेला राहतो. झाकला जाताना आणि बाहेर पडताना त्याचे किरण महाताऱ्याच्या वाऱ्यातून, त्याच्या वातावरणाच्या कडेकडेने आपल्याकडे येतात. कुठे दाट ढग असतील तिथे किरण अडतात, विरळ जागेतून सुटतात. म्हणजे नऊ दिवसांनी न चुकता त्या ताऱ्याचा एक्स-रे निघतो. ट्यूब पलीकडे, पेशंट मध्ये, फिल्म इकडे आपल्याजवळ. ट्यूब पूर्ण झाकलेली असतानाही थोडे किरण वाऱ्यावरून विखरून येतात, आणि त्यांत सिलिकॉन, मॅग्नेशियम, निऑन, लोह अशा मूलद्रव्यांच्या रेषा, म्हणजे ज्याच्या त्याच्या ठरलेल्या ऊर्जेच्या खुणा, ठळक उठून दिसतात. भगभगीत दिवा हातानं झाकल्यावर खोलीतल्या वस्तू दिसू लागाव्यात तसं.

एकट्या ताऱ्याचं असं काही करता येत नाही. एकटा तारा आपल्याला त्याचं वजनसुद्धा सांगत नाही. ताऱ्याचं वस्तुमान भरवशाने मोजायचं तर त्याच्याजवळ दुसरं कुणीतरी हवं. तो जोडीदाराला किती जोराने फिरवतो, त्यावरून आपण त्याला तोलतो. वसिष्ठाशेजारची अरुंधती लग्नात दाखवतात, पण त्या दोघांत अंतर पुष्कळ. खरा निकटचा जोडीदार वसिष्ठाच्या पोटातच आहे. १८८९ मध्ये त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फोडून मिळालेल्या पट्ट्यातल्या, रेषा दुभंगताना आणि पुन्हा जुळताना दिसल्या, त्यावरून तो उमगला. वीस-एक दिवसांत दोघे एकमेकांभोवती फिरतात. चित्रा नक्षत्राची ठळक चांदणीही अशीच जोडी आहे, अवघ्या चार दिवसांची. दोघांच्या ओढीने तारे अंड्यासारखे लांबुळके झालेत. पंचांगात रोज भेटणारं नाव, आणि त्यामागे दोघं.

क्ष-किरणांचं आकाश उघडलं तेच अशा जोडीमुळे. जून १९६२ मध्ये न्यू मेक्सिकोतून एक छोटं रॉकेट उडालं. रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधायचे होते. वातावरणाच्या वर निरीक्षणाला मिळाली जेमतेम सहा मिनिटं, त्यात चंद्राचं काही सापडलं नाही. सापडला वृश्चिकातला एक अतिशय तेजस्वी स्रोत, स्कॉर्पियस एक्स-१. तोही न्यूट्रॉन तारा आणि त्याचा जोडीदार. एकोणीस तासांत एक फेरी. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे जूनच्या रात्री वृश्चिक वर येतो खरा, पण तोवर नाशिकवर मृगाचे ढग जमलेले असतात.

अर्थात ढग नसते तरी इथून काही उपयोग नव्हता. आकाशातून येणारे क्ष-किरण हवा पूर्ण शोषून घेते, आणि ते बरंच आहे. म्हणून या दुर्बिणी अवकाशात पाठवाव्या लागतात. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अण्णांमुळेच समजली. ट्यूबच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, फिल्टर. कमी ऊर्जेचे, मऊ किरण शरीराच्या पार जातच नाहीत, फिल्मपर्यंत पोचत नाहीत, नुसती कातडी भाजतात. म्हणून ते आधीच गाळून टाकायचे. छातीचा एक्स-रे साठ-सत्तर केव्हीच्या, म्हणजे साठ-सत्तर हजार व्होल्टच्या, पुढे निघतो. आणि येऊ घातलेली युरोपची मोठी दुर्बीण, न्यू-अथेना, मुख्यतः बारा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचे किरण टिपणार आहे. म्हणजे अण्णांनी चौतीस वर्षं जे गाळून टाकले, ते सगळे. लोहाची, सिलिकॉनची, ऑक्सिजनची ओळख पटवणाऱ्या रेषा त्या मऊ किरणांतच आहेत.

दवाखान्यातल्या जुन्या मशीनबद्दल अण्णांची एक तक्रार कायम असायची. एमए कमी. ट्यूबमधून जाणारा करंट कमी असला की किरण कमी निघतात. मग फिल्म नीट यायला बटण जास्त वेळ दाबून ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात पेशंट हलतो. मोठ्या माणसाला श्वास धरायला सांगता येतं. तापलेलं, रडणारं दोन वर्षांचं मूल श्वास धरत नाही. त्या फिल्मवर बरगड्यांच्या कडा फुटलेल्या, पुसट यायच्या. अण्णा अशी फिल्म खिडकीसमोर धरून बराच वेळ बघत बसत. हललेला एक्स-रे खोटा नसतो, ते सांगायचे. त्यात सगळं असतं, पण एकावर एक.

निकटच्या ताऱ्यांच्या अभ्यासातली मुख्य अडचण नेमकी हीच आहे, आणि ती पुस्तकी भाषेत वाचण्याआधी मी त्या खिडकीशी पाहिली होती. हे तारे हलणारे पेशंट आहेत. वेला एक्स-१ची नऊ दिवसांची फेरी त्या मानाने निवांतच म्हणायची. सिग्नस एक्स-३ ही जोडी ४.८ तासांत एक फेरी पुरी करते. कर्क राशीत दोन श्वेत बटूंची, म्हणजे संपलेल्या ताऱ्यांच्या लहान, दाट गाभ्यांची, एक जोडी आहे, एचएम कँक्री. ती तर ३२१ सेकंदांत. अण्णांच्या डेव्हलपरच्या घड्याळात जवळजवळ बसणारी आख्खी कक्षा! आपल्या दुर्बिणींत मात्र किरण एकेक, तुरळक येतात. चांगला वर्णपट मिळवायला तासन्‌तास थांबावं लागतं, आणि तेवढ्यात जोडीदार कक्षेच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. जवळ येताना सरकलेली रेष आणि दूर जाताना सरकलेली रेष एकमेकींवर पसरतात. वाऱ्यातला ढग येऊन गेलेला असतो. हातात येतो तो हललेला एक्स-रे.

यावर उपाय दोन. ट्यूबचा करंट वाढवणं आपल्या हातात नाही, तेव्हा आरसा मोठा करायचा, म्हणजे कमी वेळात पुरेसे किरण मिळतील. आणि प्रत्येक किरणाची ऊर्जा इतकी अचूक मोजायची की रेष जरा सरकली तरी कळावी.

आरशाचं काम सोपं नाही, कारण क्ष-किरण आरशावर समोरून पडला तर आत घुसतो. सोमेश्वरला नदीच्या शांत पाण्यावर चपटा दगड अगदी आडवा फेकला की तो टप्पे घेत जातो, उभा टाकला तर बुडतो. तसंच इथे. किरण पृष्ठभागाला जेमतेम एखाद्या अंशाच्या कोनाने घासून गेला तरच परावर्तित होतो. म्हणून हे आरसे ताटलीसारखे नसतात, नळकांड्यांसारखे असतात, एकात एक बसवलेले. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनमध्ये अशी ५८ नळकांडी एका दुर्बिणीत आहेत. न्यू-अथेनासाठी चिपांच्या कारखान्यात वापरतात तशा सिलिकॉनच्या चकत्या खाचा पाडून एकावर एक रचतात. त्या बारीक खाचांमधून किरण घासत जातील. कमी ऊर्जेच्या किरणांसाठी तिचं गोळा करण्याचं क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मीटर असावं असं उद्दिष्ट आहे. ऐकायला फार वाटत नाही. पण सध्या अवकाशात असलेली जपानची क्रिझम दुर्बीण तिच्या सर्वांत अचूक उपकरणावर लोहाच्या रेषेपाशी जेवढे किरण गोळा करते, ते क्षेत्रफळ एका पोस्टकार्डाहून थोडंसंच मोठं आहे.

त्या उपकरणाची गोष्ट मी अण्णांना एकदा सलग सांगितली होती. त्याला सूक्ष्म कॅलरीमापी म्हणतात. एकेक किरण येऊन एका बारीक तुकड्यावर आदळतो, तुकडा किंचित तापतो, आणि किती तापला त्यावरून त्या एका किरणाची ऊर्जा कळते. एका किरणाची ऊब जाणवायची तर तो तुकडा निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ०.०५ अंशावर ठेवावा लागतो. असं उपकरण जपानने २००० साली अमेरिकेच्या मदतीने पाठवलं; रॉकेटच पोचलं नाही. २००५ मध्ये सुझाकूवर पुन्हा पाठवलं. थंड ठेवणारा हेलियम काही आठवड्यांत उडून गेला, एकाही ताऱ्याकडे बघण्याआधी. २०१६ च्या फेब्रुवारीत हितोमी गेली. उपकरण उत्तम चाललं, आणि मार्च संपायच्या आत यान स्वतःभोवती गरगरत तुटलं. चौथ्यांदा, सप्टेंबर २०२३ मध्ये, क्रिझम. ती नीट पोचली, पण उपकरणासमोरची बेरिलियमची खिडकी असलेली झडप उघडली नाही, त्यामुळे मऊ किरण त्या खिडकीतच अडतात.

अण्णा ऐकत होते. "तीनदा फिल्म काळी झाली," ते म्हणाले, "आणि चौथ्यांदा फिल्टर निघाला नाही." मग जरा थांबून, "तरी काढलाच ना एक्स-रे?"

काढला. बंद झडपेतूनही क्रिझमने सिग्नस एक्स-३ पाहिला, आणि त्या ४.८ तासांच्या कक्षेबरोबर लोहाच्या रेषा कशा सरकतात, कुठली रेष वाऱ्यातून येते आणि कुठली जोडीदाराजवळून, हे वेगळं करता आलं. मी तो आलेख छापून आणला होता. अण्णांना इंग्रजी अक्षरं वाचायची नव्हती. त्यांनी फक्त रेषांच्या कडांवरून बोट फिरवलं. "कडा बघ किती स्वच्छ आल्यात."

आता पुढचं. अमेरिकेत ॲक्सिस नावाचा एक प्रस्ताव आहे, २०२४ मध्ये नासाने पुढच्या अभ्यासासाठी निवडलेल्या दोघांपैकी एक. त्याचा भर नासाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीसारख्या बारीक नजरेवर आहे. चीनची ईएक्सटीपी दुर्बीण क्षणाक्षणाचे बदल आणि किरणांचं ध्रुवीभवन, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशा, बघेल. आपल्याकडची एक्स्पोसॅट १ जानेवारी २०२४ ला गेली, तीही ध्रुवीभवनासाठीच. आणि भारताची अवकाशातली दुर्बीण ॲस्ट्रोसॅट तर माझ्या मनात नाशिकच्या सिंहस्थाशीच जोडलेली आहे. २०१५ च्या सप्टेंबरात इथली शाही स्नानं नुकतीच आटोपली होती, रामकुंडाच्या रस्त्यांवरचे बांबूचे कठडे अजून निघायचे होते, आणि २८ तारखेला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट गेली. तिची क्ष-किरणांची दोन मुख्य उपकरणं मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेली. त्यातलं एक तीन हजार ते ऐंशी हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण मोजतं. अण्णा म्हणाले, "हे माझ्या ओळखीतले."

नाशिकमध्ये मोठा काळ सिंहस्थाने मोजतात. कुणाचं लग्न गेल्या सिंहस्थाच्या आधी झालं, कुणाची आजी त्याच्या आधीच्या सिंहस्थात गेली. गुरूची सूर्याभोवतीची बारा वर्षांची फेरी आमच्या बोलण्यात घड्याळासारखी असते. त्याच घड्याळात मी हे बसवून बघते. अथेनाची निवड झाली २०१४ मध्ये, एका सिंहस्थाच्या आदल्या वर्षी. मध्ये खर्च फार वाढला म्हणून सगळा आराखडा नव्याने करावा लागला, नावापुढे 'न्यू' लागलं. अंतिम मंजुरी २०२७ मध्ये अपेक्षित आहे, म्हणजे येत्या सिंहस्थात. त्याची कामं आमच्याकडे आत्ता रस्तोरस्ती चाललीत. आणि उड्डाण ठरलंय २०३७ मध्ये. त्याच्या पुढचा सिंहस्थ येईल २०३९ च्या आसपास. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून पहिल्या किरणापर्यंत दोन सिंहस्थ. तेव्हा अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असतील. आज ज्या मुलींना मी बारावीत शिकवते, त्यांच्यातली एखादी तो वेला एक्स-१चा वर्णपट वाचायच्या वयाची असेल. मला वाईट वाटत नाही असं नाही. ज्यांनी आरशाच्या चकत्यांवर तरुणपणी काम सुरू केलं, त्यातले कितीतरी तेव्हा निवृत्त झालेले असतील. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हा शब्द थोडा कमी पडतो.

मार्चमध्ये, अमावस्येच्या आसपास, आम्ही तिघं टाकेदच्या पलीकडे एका ओळखीच्या शेतावर गेलो. शहरातून दक्षिणेचं आकाश आता दिसत नाही. अगस्त्य तेवढा कसाबसा टिकून आहे. शेतात गहू काढून झालेला, जमिनीला अजून दुपारची ऊब होती. आईने सतरंजी टाकली, डब्यात थालीपीठं आणली होती.

आठ वाजता वायव्येला ययाती होता. मराठी तारापटांवर ते नाव आहे, आणि शेजारी शर्मिष्ठा, देवयानी. ययातीतला अल्गोल मी दोघांना दाखवला. दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटं झाली की तो मंदावतो. १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या बहिऱ्या मुलाने, वयाच्या अठराव्या वर्षी, हे नियमाने मोजलं आणि जोडीदार आड येत असावा अशी शक्यता मांडली. त्या जोडीत एक विचित्र गोष्ट आहे. सूर्याच्या तिपटीहून थोडा जड तारा अजून ऐन तारुण्यात, आणि सूर्याहून हलका जोडीदार मात्र फुगलेला, वयाने पुढे गेलेला. दोघं जन्मले एकाच वेळी, आणि जड तारा तर आधी म्हातारा होतो. उलगडा असा की आज हलका दिसणारा मूळचा जड होता. तो फुगला, त्याचं द्रव्य जोडीदारावर वाहत गेलं, आणि घेणारा जड झाला, तरुण राहिला.

"ययातीचीच गोष्ट की," आई म्हणाली. "पुरूचं तारुण्य घेतलेला."

इतकी वर्षं मी तो तारा दाखवतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी ययातीने ते परत दिलं, तिने आठवण करून दिली. अल्गोलमध्येही तसं होऊ शकतं. घेतलेला तारा पुढे कधीतरी फुगेल आणि वाहणं उलट फिरेल. मी तिला आणखी एक सांगितलं. अल्गोलचे क्ष-किरण त्या फुगलेल्या, देऊन बसलेल्या ताऱ्याच्या प्रभामंडळातून, म्हणजे त्याच्याभोवतीच्या तापलेल्या वायूतून, येतात, तेजस्वी ताऱ्यातून नाही. १९९७ मध्ये त्याच्यावर मोठी ज्वाळा उठली, आणि इटलीचा बेप्पोसॅक्स उपग्रह बघत असतानाच तेजस्वी जोडीदार मध्ये आला आणि ज्वाळा पूर्ण झाकली गेली. ती किती वेळ झाकली गेली त्यावरून ती ताऱ्यावर कुठे होती, किती उंच होती, ते मोजता आलं. नव्वद प्रकाशवर्षांवरची ज्वाळा, आणि मोजपट्टी म्हणून दुसऱ्या ताऱ्याची सावली.

साडेनऊच्या पुढे वेला दक्षिणेला नीट वर आला. मी नकाशा लाल टॉर्चखाली धरून, ठळक ताऱ्यांवरून उतरत उतरत, ती जागा दुर्बिणीत पकडली. दोन ताऱ्यांच्या मध्ये, थोडा खाली, तो ठिपका. आईने सहज बघितला आणि दुर्बीण परत दिली.

"ते मशीन बंदच होत नाही ना कधी?" तिने विचारलं. "मग त्या दुसऱ्याचं काय? ह्यांच्या छातीवर तरी बॅज असायचा."

अण्णांच्या शर्टाला कायम एक बॅज लावलेला असे. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि किती डोस लागला त्याचा कागद यायचा. आई तो कागद देवघरातल्या डब्यात ठेवायची. मी तिला जमेल तसं सांगितलं. महाताऱ्याचा वारा सुटतो तो त्याच्याच प्रकाशाच्या रेट्याने. प्रकाश वाऱ्यातल्या अणूंच्या इलेक्ट्रॉनांना धरून त्यांना ढकलतो. न्यूट्रॉन ताऱ्याचे क्ष-किरण त्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात, मग प्रकाशाला धरायला काही उरत नाही आणि वारा तिथे मंदावतो. मंद वारा न्यूट्रॉन ताऱ्याच्या ओढीत जास्त सापडतो. मग मशीन आणखी भडकतं, मध्येच जवळजवळ विझतं, पुन्हा पेटतं. वेला एक्स-१ खरोखरच असा वागतो. काही मिनिटांत कित्येक पट तेजस्वी होतो, कधी एकदम मावळतो. त्या मावळण्या-पेटण्याच्या वेळी वाऱ्यात नेमकं काय होतं, ते आजच्या दुर्बिणींना पुसट दिसतं. त्यासाठीच मोठा आरसा हवाय.

"म्हणजे त्याला लागतोय डोस," आई म्हणाली. "कळायला मात्र कागद नाही."

अण्णा मघापासून दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते. त्यांचे हात आता कापतात. सगळ्या चांदण्या रेघा होऊन हलत असणार. "हललेला येतोय गं," ते म्हणाले. मी मागे उभी राहिले, त्यांचे दोन्ही कोपर खालून धरले आणि ते माझ्या अंगाला टेकवले. दुर्बीण थोडी स्थिरावली, पण त्यांच्या श्वासाबरोबर अजून वर-खाली होत होती.

"अण्णा, श्वास घ्या. धरा. हलू नका."

त्यांनी धरला. माझ्या हातांना ते कळलं. दूर कुठेतरी पंप चालू होता, तेवढाच आवाज. मीही धरला होता.

"दोघांच्या मधला का?" त्यांनी दातांतूनच विचारलं. "थोडा खाली?"

"तोच."

ते बघत राहिले. दुर्बीण आता अजिबात हलत नव्हती.

सतरंजीवरून आई म्हणाली, "अहो, सोडा आता."